वादळातील सुकाणू : शेठ वालचंद हिराचंद दोशी

सोलापूरच्या जैन समाजाने महाराष्ट्राला दिलेल्या कर्तबगार पुरुषांमध्ये शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतातील पाया घालणारे उद्योगपती म्हणून त्यांची ओळख सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या जीवनाचा खरा बोध त्यांनी स्थापन केलेल्या कंपन्यांच्या संख्येत नाही. संकट कोसळल्यावर कंपनीचे कोणते धन जपायचे आणि कोणते सोडायचे, याचा विवेक हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. भागाचा बाजारभाव हे एक मोल आणि कंपनीची टिकून राहण्याची शक्ती हे दुसरे मोल. ही दोन मोले परस्परांविरुद्ध उभी राहिली तेव्हा वालचंदशेठांनी दुसऱ्या मोलाची निवड केली आणि त्या निवडीची किंमतही मोजली.

संस्कारांचे घर

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते दक्षिणेत आले आणि येथील मातीशी व मराठी भाषेशी एकरूप झाले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे दिगंबर जैन समाजातील विद्याव्यासंगी व सुधारक गृहस्थ होते. सावकारी व कापसाचा व्यापार सांभाळतानाच धर्मग्रंथांचे मुद्रण, शिक्षणाचा प्रसार आणि समाजजागृती यांसाठी त्यांनी आयुष्यभर परिश्रम केले. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी सुरू केलेले ‘जैन बोधक’ हे नियतकालिक मराठी जैन समाजाच्या जागृतीचे एक प्रमुख साधन ठरले. हस्तलिखित ग्रंथ छापण्यास समाजातूनच विरोध होण्याचा तो काळ होता. ज्ञान पेटीत कुलूपबंद ठेवल्याने टिकत नाही, ते चार हातांत गेल्याने टिकते, ही दृष्टी त्या घरात होती.

वालचंद लहान असतानाच त्यांना मातृवियोग झाला. सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन या महाविद्यालयांत अध्ययन केले. मात्र पदवीपर्यंत न पोहोचता ते घरच्या व्यवसायात परतले. कापूस आणि धान्याच्या व्यापारात त्यांना यश आले नाही. घराण्याच्या पेढीत बसून व्याजाचा हिशेब लिहिणे हा त्यांचा पिंड नव्हता.

कंत्राटदारीची शाळा

रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी वालचंद यांचा परिचय झाला आणि या परिचयातून भागीदारी जन्मास आली. फाटकांजवळ कामाचे ज्ञान होते. वालचंदांजवळ घराण्याची पत आणि धाडस होते. बार्शी लाईट रेल्वेच्या मार्गाचे एक छोटे काम त्यांनी १९०३ च्या सुमारास हाती घेतले. त्यानंतरच्या दीड दशकात ‘फाटक-वालचंद’ हे नाव बांधकामक्षेत्रात विश्वासाने घेतले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांची मोठी कंत्राटे या संस्थेने पुरी केली. पुढे १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे अवघड काम ही तिची प्रारंभीची मोठी कामगिरी होय.

कंत्राटाच्या धंद्याने वालचंदशेठांना एक धडा दिला. या धंद्यात पैसा शेवटी मिळतो, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून होतो. पाऊस, दरड आणि मजुरांचे आजारपण ही संकटे हिशेबात धरूनच काम उचलावे लागते. मध्येच काम टाकून जाणारा कंत्राटदार त्या कामाबरोबर पुढची सर्व कामेही गमावतो. हा धडा समुद्रावर त्यांच्या उपयोगी पडणार होता.

‘लॉयल्टी’चे साहस

१९१९ च्या प्रारंभी दिल्लीहून मुंबईस परतताना रेल्वेच्या डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाच्या बोलण्यातून वालचंदशेठांना समजले की, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस आहे. सुमारे ५,९०० टनांचे हे जहाज १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने बांधले गेले होते आणि महायुद्धात त्याचा रुग्णालय-जहाज म्हणून उपयोग झाला होता. जहाजधंद्याचा कोणताही पूर्वानुभव नसताना वालचंदशेठांनी ते घेण्याचे ठरविले. शेठ नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास हे मुंबईचे मातबर व्यापारी त्यांच्यासोबत आले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली आणि वालचंदशेठ स्वतः तिच्यावर होते. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच सफरीच्या स्मरणार्थ.

या साहसाची पार्श्वभूमी मात्र निराशाजनक होती. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात चीन-जपानच्या मार्गावर काढलेली जहाजसेवा परदेशी कंपनीच्या दरकपातीपुढे अल्पकाळातच बंद पडली होती. तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये उभारलेल्या स्वदेशी जहाज कंपनीचीही तीच गत झाली होती. भारतीय जहाज कंपनी म्हणजे बुडणारी कंपनी, असा समज भांडवलदारांत दृढ झाला होता. खुद्द ‘लॉयल्टी’ही जुनी व खर्चिक निघाली आणि काही वर्षांतच तिला भंगारात काढावे लागले. पहिल्याच जहाजाची ही गत पाहून अनेकांना आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले असेल.

दरयुद्ध

सिंदियाचे खरे संकट १९२१ नंतर आले. महायुद्ध संपल्यावरच्या तेजीत जहाजांच्या किमती भरमसाट वाढल्या होत्या. त्याच काळात नव्या कंपनीस जहाजे खरेदी करावी लागली. पुढे मंदी आली, जगभर मालवाहतुकीचे दर कोसळले आणि चढ्या भावाने घेतलेल्या जहाजांची किंमत ताळेबंदात एक व बाजारात दुसरी, अशी स्थिती झाली. त्यातच हिंदी किनाऱ्यावर मक्तेदारी असलेल्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने दरयुद्ध पुकारले. तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप हे पी. अँड ओ. या बलाढ्य कंपनीचेही प्रमुख होते आणि भारत सरकारच्या खर्चकपात समितीचे अध्यक्षपदही १९२२-२३ मध्ये त्यांच्याकडेच होते. धनसत्ता आणि राजसत्ता दोन्ही ज्यांच्या दाराशी, अशा प्रतिस्पर्ध्याशी ही गाठ होती.

या युद्धाचे शस्त्र समजून घेण्याजोगे आहे. रंगूनचा तांदूळ किंवा कलकत्त्याचा कोळसा आणणाऱ्या व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीपर्यंत सर्व माल केवळ मक्तेदार कंपन्यांच्याच जहाजांतून पाठविला, तर भाड्याचा काही भाग त्याला नंतर परत मिळे. परंतु या मुदतीत त्याने एक पोते जरी दुसऱ्या जहाजात चढविले, तर साठलेली सर्व सूट बुडे. त्यामुळे सिंदियाचा दर कमी असला तरी व्यापारी तिच्याकडे वळण्यास कचरत. शिवाय जेथे सिंदियाचे जहाज लागे तेथे प्रतिस्पर्धी आपले दर इतके उतरवी की, कोळसा व खलाशांचा खर्चही निघू नये. मोठ्या कंपनीचा तोटा इतर मार्गांवरील नफ्यातून भरून निघे. लहान कंपनीजवळ दुसरा मार्गच नव्हता.

सिंदियाच्या भागांचा भाव घसरला. स्वदेशीच्या भावनेने पैसे गुंतविलेल्या सामान्य भागधारकांत चिंता पसरली. नफा नाही, लाभांश नाही आणि दर महिन्याला तोट्यात भर, अशा स्थितीत व्यवहारी मनुष्य जो विचार करील तोच अनेकांच्या मनात आला. मिळेल ती किंमत घेऊन मोकळे व्हावे.

विक्री की शरणागती

कंपनी विकत घेण्याची तयारी लॉर्ड इंचकेप यांच्या बाजूने दाखविण्यात आली. हा प्रस्ताव नाकारणे वाटते तितके सोपे नव्हते. भागधारकांचा पैसा ही संचालकांजवळची ठेव असते. बुडत्या व्यवहारातून त्यांचे भांडवल परत मिळण्याची संधी असताना ती नाकारणे, हा त्या ठेवीशी द्रोह नव्हे काय, असा प्रश्न उभा राहू शकत होता. कंपनीचे अध्यक्ष नरोत्तम मोरारजी हे सचोटीचे व सावध व्यापारी होते. त्यांच्यापुढेही हा पेच होताच.

वालचंदशेठांचा विरोध मात्र ठाम राहिला. त्यांच्या दृष्टीने सिंदियाजवळ ताळेबंदात न दिसणारे एक धन होते. किनारी वाहतुकीत पाय रोवू शकलेली भारतीयांच्या मालकीची ती एकमेव मोठी कंपनी होती. जहाजे विकली तर पुन्हा घेता येतील, परंतु हा पाय एकदा उखडला की तो पुन्हा रोवण्यासाठी भांडवल द्यायला पुढच्या पिढीत कोणी धजणार नाही, हे त्यांनी ओळखले. टाटांची सेवा गेली, चिदंबरम यांची गेली. तिसरीही विकली गेली असती तर भारतीय जहाजधंद्यावरचा विश्वासच कायमचा संपला असता.

विक्री टळली, पण युद्ध अनिश्चित काळ चालू ठेवण्याची शक्तीही कंपनीत नव्हती. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांच्या मुदतीचा करार झाला. त्याने दरयुद्ध थांबले आणि किनारी मालवाहतुकीत सिंदियाला अधिकृत स्थान मिळाले. त्याच्या बदल्यात कंपनीच्या जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा आली. प्रवासी वाहतूक व परदेशी मार्ग तिला बंद झाले. ज्या कंपनीचे पहिले जहाज लंडनला गेले होते, तिने लंडनचा मार्ग स्वतःच्या सहीने सोडून दिला. हा करार वालचंदशेठांना अखेरपर्यंत गुलामीच्या दस्तऐवजासारखा सलत राहिला. तरीही त्यांनी तो स्वीकारला. अभिमानाने बुडण्यापेक्षा अपमान गिळून तरण्यात देशाचे अधिक हित आहे, हा निर्णय धाडसी स्वभावाच्या या पुरुषास किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते.

मुदतीची मशागत

तहाची दहा वर्षे ज्यांनी विश्रांतीत घालविली असती, त्यांच्या हाती शेवटी तेवढा तहच राहिला असता. वालचंदशेठ आणि त्यांचे सहकारी यांनी या अवधीचा उपयोग जमीन तयार करण्यासाठी केला. मनसुखलाल आत्माराम मास्तर यांच्यासारखा अभ्यासू व्यवस्थापक कंपनीस लाभला. जहाजधंद्याची आकडेवारी गोळा करून ती सरकार, कायदेमंडळ आणि वृत्तपत्रे यांच्यापुढे सातत्याने मांडण्यात आली. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले आणि भारतीय तरुणांना सागरी अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली. साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्याचा कायदा झाला नाही, पण प्रश्न देशापुढे आला आणि स्वातंत्र्यानंतर ती मागणी पूर्ण झाली.

१९२७ मध्येच वालचंदशेठांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एकट्या कंपनीवर आलेले संकट हे पुष्कळदा साऱ्या व्यवसायावरचे संकट असते आणि त्याचा प्रतिकार संघटितपणेच करावा लागतो, हा सिंदियाच्या अनुभवाचा निष्कर्ष होता. नोव्हेंबर १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे मोटार-अपघातात निधन झाले आणि सिंदियाची धुरा वालचंदशेठांकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली. पुढे बंधने सैल होत गेली. १९३७ मध्ये कंपनीने हज यात्रेकरूंची वाहतूक सुरू केली. तेथेही दरयुद्ध झाले, पण आता सिंदियाची मुळे खोल गेली होती.

माळरानावरील नगर

समुद्रावरील झुंज चालू असतानाच वालचंदशेठांनी जमिनीवरही तितक्याच दीर्घ पल्ल्याचे काम आरंभिले होते. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे त्यांनी विस्तीर्ण शेती उभी केली. रावळगावचा प्रारंभ १९२३ मध्ये, म्हणजे सिंदियाच्या सर्वांत कठीण वर्षात झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९३२ मध्ये साखर धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि त्यानंतर दोन्ही ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. बंधू लालचंद, गुलाबचंद आणि रतनचंद यांनी घराण्याच्या उद्योगांत मोलाची साथ दिली.

ऊस हे पीक जमिनीचा कस लवकर शोषून घेणारे आहे. नीरा कालव्याच्या पट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने जमिनी चोपण होण्याचा धोका त्या काळी सर्वांना ठाऊक होता. अशा भागात पिढ्यान्‌पिढ्या चालणारा कारखाना काढायचा तर पाण्याची मोजदाद, निचरा, खत आणि पिकांची फेरपालट यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. जमीन संपली की कारखाना संपतो, मग त्याच्या भागाचा भाव कितीही असो. कळंबच्या माळावर शेती व कारखान्याभोवती घरे, शाळा, दवाखाना आणि मंदिर यांनी युक्त अशी वसाहत आकारास आली. आज ती वालचंदनगर या नावाने ओळखली जाते. साखरेच्या कारखान्यापासून निघालेली ही वाट पुढे साखर कारखान्यांची यंत्रे बनविण्यापर्यंत आणि कालांतराने देशाच्या अणुऊर्जा व अंतराळ कार्यक्रमांसाठी जड यंत्रभाग तयार करण्यापर्यंत गेली. हाताखालच्या माणसांचे कौशल्य वाढत राहिले म्हणूनच हे स्थित्यंतर शक्य झाले.

निर्मिती आणि निरोप

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वालचंदशेठांच्या कर्तृत्वाला बहर आला आणि त्याच काळात त्यांना सर्वाधिक त्यागही करावा लागला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. अवघ्या दीड वर्षात, १९४२ मध्ये, युद्धाच्या निकडीपायी भारत सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. ६ एप्रिल १९४२ रोजी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम थांबले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा उभे राहिले. १४ मार्च १९४८ रोजी ८,००० टनांचे ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. ‘लॉयल्टी’च्या सफरीनंतर एकोणतीस वर्षांनी स्वतंत्र भारताने आपल्या किनाऱ्यावर बांधलेले आधुनिक जहाज पाहिले. मुंबईच्या कुर्ला येथे १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीतून १९४७ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या.

जहाजबांधणीचा खर्च मात्र एका खाजगी कंपनीच्या आवाक्याबाहेरचा होता. १९५२ मध्ये सरकारी सहभागातून हिंदुस्थान शिपयार्ड कंपनी अस्तित्वात आली आणि विशाखापट्टणमचा कारखाना तिच्याकडे गेला. वालचंदशेठांच्या उद्योगांवर भांडवलाचा ताण नेहमीच असे. झेप मोठी आणि तिजोरी त्या मानाने लहान, ही त्यांच्या कार्यपद्धतीतील उणीव त्यांचे चाहतेही नाकारीत नाहीत. तथापि त्यांनी उभे केलेले काम त्यांच्या हातून गेल्यावरही थांबले नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

१९४९ मध्ये अर्धांगवायूचा झटका आल्याने त्यांना कामातून निवृत्त व्हावे लागले. अखेरच्या आजारात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची एकनिष्ठ शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’च्या सफरीला चौतीस वर्षे पूर्ण होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते.

काय उरले

काळाच्या ओघात त्यांच्या संस्थांचे भवितव्य निरनिराळे झाले. ज्या सिंदियासाठी त्यांनी एवढी झुंज दिली, तिची जहाजे विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबली. प्रीमियरच्या मोटारी इतिहासजमा झाल्या. रावळगावच्या गोळ्यांचे नाव २०२४ मध्ये दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेले. दुसरीकडे बंगळूरचा विमान कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्स या रूपाने देशाच्या संरक्षणाचा आधारस्तंभ बनला. विशाखापट्टणमच्या कारखान्यात जहाजे बांधली जात राहिली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापुरातील त्यांच्या नावाच्या शिक्षणसंस्था यांतून हजारो विद्यार्थी घडले. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कोणतीही कंपनी अमर नसते, हे या वृत्तांतावरून स्पष्ट होते. अनित्यतेचा विचार लहानपणापासून ऐकलेल्या वाचकांना ते नव्याने सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच उरतो की, संकटाच्या घडीला विश्वस्ताने कशाचे रक्षण करावे. वालचंदशेठांनी १९२३ मध्ये भागाचा भाव राखला नाही, मानही राखला नाही. त्यांनी धंद्याची मुळे राखली. त्या मुळांतून पुढे सागरी अधिकारी घडले, किनारी वाहतुकीचा हक्क मिळाला आणि ‘जलउषा’ पाण्यात उतरली. मालकी हातची गेली तरी कौशल्य देशात राहिले. हाती आलेले धन हे आपले नसून आपल्याकडे सोपविलेले आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक विश्वस्ताने या द्रष्ट्या पुरुषाच्या त्या एका निर्णयाचे चिंतन करावे. सोलापूरच्या या थोर सुपुत्राच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.